फेकणारा हात आणि वाढतं कोपर

नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या विदर्भ क्रिकेट असोसिएशनच्या जुन्या मैदानावर एकाच खेळाडूच्या एकाच कोपराचं पुनरागमन दोनदा झालं आहे. 26 ऑक्टोबर 2004 रोजी ऑस्ट्रेलियाविरुद्धची तिसरी कसोटी इथे सुरू झाली, तेव्हा सचिन तेंडुलकर टेनिस एल्बोमुळे बरेच सामने बाहेर बसून संघात परतला होता. दोन्ही डावांत मिळून त्याच्या दहा धावा झाल्या. सामनाही गेला, मालिकाही गेली. पुढच्या वर्षी मे महिन्यात लंडनमध्ये त्याच्या डाव्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली आणि 25 ऑक्टोबर 2005 रोजी श्रीलंकेविरुद्धच्या एकदिवसीय सामन्यात तो याच मैदानावर पुन्हा उतरला. त्या दिवशी त्याने 93 धावा काढल्या आणि भारत 152 धावांनी जिंकला. आपल्या उमरेडहून हे मैदान तासा-सव्वातासाच्या वाटेवर आहे. हाताच्या मधल्या एका सांध्यावर केवढं काय अवलंबून असतं, हे त्या दोन ऑक्टोबरांत आपल्या भागाने अगदी जवळून पाहिलं.

सचिनचं दुखणं कोपराच्या बाहेरच्या बाजूचं होतं. मनगट मागे उचलणारे स्नायू तिथे हाडाला चिकटतात. तोच ताण हजारो वेळा पडला की त्यांच्या मुळाशी असलेलं टेंडन झिजतं आणि नीट भरून येत नाही. पण कोपराला आतलीही बाजू आहे, आणि तिची गोष्ट मला जास्त थक्क करते. फेकणाऱ्यांचं कोपर आतून दुखतं. अमेरिकेत आणि जपानमध्ये बेसबॉल खेळणाऱ्या दहा-बारा वर्षांच्या मुलांपासून ते भालाफेकीतल्या विश्वविजेत्यांपर्यंत सगळ्यांना हा सांधा छळतो. 3 मे 2019 रोजी मुंबईच्या कोकिलाबेन धीरूभाई अंबानी रुग्णालयात डॉ. दिनशॉ पारडीवाला यांनी एकवीस वर्षांच्या नीरज चोप्राच्या उजव्या कोपरावर शस्त्रक्रिया केली. त्या वर्षीच्या दोहाच्या जागतिक स्पर्धेला त्याला मुकावं लागलं. 28 जानेवारी 2020 रोजी दक्षिण आफ्रिकेत पॉचेफस्ट्रूम इथे त्याने 87.86 मीटर भाला फेकला आणि टोकियो ऑलिम्पिकचं दार उघडलं. 7 ऑगस्ट 2021 रोजी 87.58 मीटरच्या फेकीने त्याने देशाला सुवर्णपदक मिळवून दिलं. त्या सुवर्णपदकाच्या वाटेवर मुंबईतलं एक शस्त्रक्रियागृह होतं.

एका फेकीत काय घडतं

दगड, चेंडू, भाला असं काहीही वेगाने आणि नेमकं फेकणं ही माणसाची खास कला आहे. चिंपांझी आपल्यापेक्षा ताकदवान. पण त्याने फेकलेल्या वस्तूचा वेग ताशी तीसेक किलोमीटरच्या आसपास राहतो. बेसबॉलचा सराव असलेला बारा वर्षांचा मुलगा ताशी शंभर किलोमीटरच्या जवळ पोहोचू शकतो. 2013 साली ‘नेचर’ या नियतकालिकात निल रोच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलं, की खांदा, कंबर आणि दंडाच्या हाडाच्या रचनेतले जे बदल हे शक्य करतात, ते सुमारे वीस लाख वर्षांपूर्वी होमो इरेक्टस या आपल्या पूर्वजात एकत्र आले. आंब्याच्या झाडावर दगड भिरकावणाऱ्या मुलाच्या हातात एवढा जुना वारसा असतो.

ज्वारीच्या मळ्यात माळ्यावर उभं राहून पाखरं हाकणाऱ्या राखणदाराची गोफण आठवा. माणूस पायांपासून कमरेत, कमरेतून खांद्यात जोर आणतो. दोरी मागे रेंगाळते आणि मग सगळा वेग एका क्षणात टोकाच्या दगडात उतरतो. फेकणारा हात नेमका असाच चालतो. पाय टेकतो, कंबर वळते, छाती वळते, आणि हात मात्र अजून मागेच असतो, इतका मागे की तळहात आकाशाकडे पाहू लागतो. मग खांदा आतल्या बाजूला फिरतो. बेसबॉलमध्ये चेंडू फेकणाऱ्या निष्णात पिचरमध्ये हा फिरण्याचा वेग सेकंदाला सुमारे 7,000 अंशांपर्यंत मोजला गेला आहे. हात तसाच फिरत राहू शकला असता, तर एका सेकंदात एकोणीस गिरक्या झाल्या असत्या. मानवी शरीराच्या मोजल्या गेलेल्या हालचालींत याहून वेगवान हालचाल क्वचितच सापडेल. ती सेकंदाच्या विसाव्या भागाहूनही कमी वेळात उरकते.

गोफणीचा सगळा ताण दोरीवर येतो. हातात ही दोरी म्हणजे कोपराच्या आतल्या बाजूचं एक लिगामेंट, दंडाच्या हाडाला पुढच्या हाताच्या हाडाशी बांधणारा जेमतेम अडीच-तीन सेंटिमीटर लांबीचा पट्टा. हात सर्वांत मागे गेलेला असतो तेव्हा कोपर आतून उघडू पाहतं. अमेरिकेत बर्मिंगहॅमच्या क्रीडावैद्यक संस्थेत ग्लेन फ्लायसिग यांनी प्रौढ पिचरमध्ये या क्षणीचा पीळ सुमारे 64 न्यूटन-मीटर असल्याचं मोजलं. कोपराच्या पुढे पाव मीटरवर, मनगटाच्या आसपास, सव्वीस किलोचं वजन बाजूने ओढावं, तेवढा हा जोर. आणि मृतदेहांवरच्या चाचण्यांत ते लिगामेंट एकट्याने साधारण याच्या निम्म्या जोराला तुटतं!

म्हणजे कागदावरच्या हिशेबाने प्रत्येक जोरदार फेकीला कोपर फाटायला हवं. ते फाटत नाही, कारण मनगट आणि बोटं वाकवणारे स्नायू त्याच जागी आवळून उरलेला भार अंगावर घेतात. यातच पुढच्या सगळ्या दुखण्यांचं मूळ आहे. हे स्नायू थकले की त्यांचा वाटा लिगामेंटवर पडतो. चेंडू तोच, वेगही जवळजवळ तोच; पण सत्तराव्या फेकीला कोपराला मिळणारा आधार पहिल्या फेकीइतका नसतो.

वयाप्रमाणे बदलणारी कमकुवत जागा

लहान मुलाच्या कोपराचा एक्स-रे पाहिला तर त्यात पोकळ्या दिसतात. तिथे कूर्चा असते. तिचं हाड अजून व्हायचं असतं. कोपरात हाड तयार होण्याची सहा केंद्रं असतात आणि ती ठरलेल्या क्रमाने उगवतात, साधारण पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या, सातव्या, नवव्या आणि अकराव्या वर्षी. मुलींमध्ये थोडी आधी. कोणतं केंद्र दिसतं आणि कोणतं अजून नाही, यावरून डॉक्टर मुलाच्या वयाचा अंदाज बांधू शकतात. वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना हा क्रम तोंडपाठ असतो, आणि तरीही दर वेळी तो पाहताना नवल वाटावं असाच आहे.

कोपराच्या आतल्या बाजूला हाताला लागणारा टणक उंचवटा पाचव्या वर्षाच्या सुमारास हाड होऊ लागतो, पण दंडाच्या मुख्य हाडाशी पक्का जुळायला पंधरा ते सतरा वर्षांचं वय उजाडतं. तोवर मधे वाढीच्या कूर्चेचा थर असतो. फेकताना आवळणारे सगळे स्नायू याच उंचवट्याला धरलेले असतात आणि लिगामेंटही त्याच्या पायथ्याशीच सुरू होतं. हा कूर्चेचा थर लिगामेंटपेक्षा दुबळा असतो.

म्हणून एकच ओढ वयाप्रमाणे वेगवेगळ्या जागी इजा करते. दहा-बारा वर्षांच्या मुलात कूर्चेचा थर सुजतो आणि रुंदावतो. अमेरिकेतल्या मुलांच्या बेसबॉल संघटनेवरून त्याला ‘लिटल लीग एल्बो’ म्हणतात, आणि 1960 साली ब्रॉगडन व क्रो या डॉक्टरांनी त्याचं वर्णन केलं. तेरा-चौदाव्या वर्षी स्नायू जोमाने वाढतात पण जोड पक्का झालेला नसतो. अशा वेळी एखाद्या फेकीत तो उंचवटाच तुटून निघू शकतो. जोड पक्का झाला की पाळी येते लिगामेंटची.

कोपर आतून उघडू पाहतं तेव्हा बाहेरच्या बाजूला हाडावर हाड दाबलं जातं. तिथल्या गोल भागाला रक्तपुरवठा बेताचाच असतो. वर्षभर दाब पडत राहिला तर कूर्चेखालचं हाड मरू लागतं, त्याचा तुकडा सुटतो आणि सांध्यात अडकतो. मग मुलाचं कोपर मधेच ‘लॉक’ होतं. मागच्या बाजूला हाडं एकमेकांवर घासून टोकं आणि तुकडे तयार होतात. आतल्या उंचवट्यामागून जाणारी नस, कोपर आपटल्यावर करंगळीपर्यंत झिणझिण्या नेणारी तीच नस, ताणली जाते. एका फेकीत कोपराच्या तीन बाजूंना तीन वेगळे भार असतात: आत ओढ, बाहेर दाब, मागे घर्षण.

तरीही फेकणं हा हाडाचा शत्रू नव्हे. लहानपणापासून फेकणाऱ्यांच्या दंडाचं हाड दुसऱ्या हातापेक्षा काही अंशांनी वेगळ्या पिळात वाढतं, त्यामुळे हात जास्त मागे जाऊ शकतो. टेनिसपटूंच्या खेळणाऱ्या हाताचं हाड स्पष्टपणे जाड झालेलं आढळतं. वाढतं हाड भाराला उत्तर देतं. त्याला फक्त उत्तर द्यायला वेळ लागतो, आणि तो वेळ दोन फेकींच्या, दोन सामन्यांच्या, दोन हंगामांच्या मधे असतो.

मनगटातून कोपरात

आता शस्त्रक्रियेकडे येऊ. 17 जुलै 1974 रोजी लॉस एंजेलिस डॉजर्स संघाचा डावखुरा पिचर टॉमी जॉन याचं कोपराच्या आतल्या बाजूचं हेच लिगामेंट चेंडू फेकताना तुटलं. त्या काळी ही इजा म्हणजे कारकिर्दीचा शेवट. संघाचे डॉक्टर फ्रँक जोब यांनी त्याला स्पष्ट सांगितलं, की पुन्हा खेळण्याची शक्यता शंभरात एक आहे. 25 सप्टेंबर 1974 रोजी त्यांनी टॉमी जॉनच्या उजव्या मनगटातलं एक टेंडन काढलं, डाव्या कोपरातल्या दोन्ही हाडांना भोकं पाडली आणि इंग्रजी आठच्या आकड्यासारखं ते त्यांतून ओवून बांधलं. नंतर नसेवर दाब आल्याने बोटं आखडली आणि पुन्हा एक शस्त्रक्रिया करावी लागली. 1975 चा पूर्ण हंगाम बुडाला. 1976 मध्ये तो परतला आणि 1989 पर्यंत खेळला. मोठ्या लीगमधल्या त्याच्या 288 विजयांपैकी 164 या शस्त्रक्रियेनंतरचे आहेत. आज ती त्याच्याच नावाने ओळखली जाते.

मनगटातलं ते टेंडन वापरायचं कारणही ऐकण्यासारखं आहे. अंगठ्याचं टोक करंगळीच्या टोकाला लावा आणि मनगट थोडं आत वाकवा. मनगटाच्या मधोमध एक दोरी उठून दिसली, तर तेच ते पाल्मारिस लाँगस. अनेकांच्या एका किंवा दोन्ही हातांत ते जन्मतःच नसतं आणि त्यांना कधी पत्ताही लागत नाही, कारण त्याच्यावाचून पकडीत जाणवेल असा फरक पडत नाही. शरीरात असा सुटा धागा असावा आणि तो कोपराच्या लिगामेंटला शोभेल अशाच जाडीचा असावा, हा सर्जनांच्या वाट्याला आलेला मोठा योग आहे.

पण सगळ्यांत मोठं आश्चर्य टाके घातल्यानंतर सुरू होतं. उपटून आणलेल्या टेंडनला रक्त मिळत नाही. त्यातल्या पेशी मरतात. उरतात ते फक्त प्रथिनांचे तंतू. हळूहळू आजूबाजूच्या ऊतींमधून नव्या रक्तवाहिन्या त्यात शिरतात, नव्या पेशी येऊन वस्ती करतात, जुने तंतू काढून नवे विणतात आणि येणाऱ्या ओढीच्या दिशेने त्यांची मांडणी करतात. स्नायूला हाडाशी जोडणारं टेंडन हाडाला हाडाशी जोडणारं लिगामेंट होऊ लागतं. सर्जनने फक्त योग्य जागी योग्य ताणात ते बांधलेलं असतं. बाकीचं काम शरीर करतं, आणि त्याला महिने लागतात. म्हणूनच पुन्हा सामना खेळायला वर्ष ते दीड वर्ष जातं, मग खेळाडू कितीही मोठा असो. बेसबॉलपटू शोहेई ओहतानीवर ऑक्टोबर 2018 मध्ये ही शस्त्रक्रिया झाली, तेव्हा 2019 मध्ये त्याने फलंदाजी केली, पण एकही चेंडू पिचर म्हणून टाकला नाही.

मुलांच्या इतर इजांवरही उपाय आहेत. तुटून सरकलेला उंचवटा स्क्रूने परत बसवतात. सांध्यातले सुटे तुकडे दुर्बिणीने काढतात. मोठी झीज असेल तर गुडघ्यातला कूर्चेसह हाडाचा छोटा खुंट काढून तिथे रोवतात. लिगामेंट हाडापासून नुसतं सुटलं असेल आणि बाकी चांगलं असेल, तर ते शिवून वरून मजबूत फीत लावण्याची पद्धतही आता रुळते आहे.

यशाची काळी बाजू

इतकं यश पाहून लोकांचा एक समज झाला. 2012 साली अमेरिकेत झालेल्या एका पाहणीत शाळकरी खेळाडूंपैकी निम्म्यांना वाटत होतं, की काही इजा नसतानाही ही शस्त्रक्रिया करून घ्यावी, फेक वेगवान होते. हे साफ खोटं आहे. परतल्यावर कुणाची फेक सुधारलीच, तर ती वर्षभराच्या शिस्तबद्ध व्यायामाने आणि विश्रांतीने सुधारते. पण समज पसरायचा तो पसरला. 2007 ते 2011 या काळात अमेरिकेत झालेल्या अशा शस्त्रक्रियांच्या एका मोठ्या नोंदीत निम्म्याहून अधिक रुग्ण पंधरा ते एकोणीस वर्षांचे निघाले. नामवंत पिचरची कारकीर्द वाचवण्यासाठी शोधलेला उपाय अजून मिसरूड न फुटलेल्या मुलांवर होऊ लागला.

असं का झालं, याचं उत्तर बर्मिंगहॅमच्याच संस्थेने शोधलं. शस्त्रक्रिया झालेल्या आणि न झालेल्या तरुण पिचरची त्यांनी तुलना केली. वर्षात आठ महिन्यांहून जास्त खेळणाऱ्यांमध्ये शस्त्रक्रियेची शक्यता पाचपट होती. हात थकलेला असतानाही नेहमी फेकत राहणाऱ्यांमध्ये ती छत्तीसपट होती. ‘थकलेले स्नायू’ ही प्रयोगशाळेतली गोष्ट इथे मुलांच्या आयुष्यात आकड्याने उतरलेली दिसते.

त्यानंतर मोजणी सुरू झाली. 2007 पासून लिटल लीगने डावांऐवजी प्रत्यक्ष फेकी मोजायचं ठरवलं. 2014 च्या ‘पिच स्मार्ट’ मार्गदर्शनानुसार नऊ-दहा वर्षांच्या मुलाने एका दिवसात 75, अकरा-बाराच्या मुलाने 85 आणि तेरा-चौदाच्या मुलाने 95 हून जास्त फेकी टाकू नयेत. बारा-तेराच्या मुलाने 66 किंवा त्याहून जास्त टाकल्या, तर पुढचे चार दिवस पिचिंग बंद. जपानमध्ये 2013 च्या शालेय स्पर्धेत सोळा वर्षांच्या एका पिचरने 772 चेंडू टाकले आणि त्यावर जगभर चर्चा झाली. 2020 पासून तिथे आठवड्याला 500 ची मर्यादा आहे.

उमरेडच्या मैदानावर

उमरेडच्या खाणीपलीकडच्या मोकळ्या जागेवर किंवा शाळेच्या पटांगणात बेसबॉलचा पिचर सहसा दिसणार नाही, गोलंदाज दिसेल. गोलंदाजीत कोपर सरळ ठेवावं लागतं. 2005 पासून आंतरराष्ट्रीय नियमाने ते वाकलेलं असेल, तर चेंडू टाकताना 15 अंशांहून जास्त सरळ होऊ देत नाहीत. त्यामुळे वेगाचा भार कोपराऐवजी कमरेच्या मणक्यांवर जातो, आणि वाढत्या वयातल्या वेगवान गोलंदाजांच्या मणक्याला तडे जातात. खापरखेड्याजवळच्या वलनीच्या कोळसा खाणीतल्या कामगाराचा मुलगा उमेश यादव 2011 मध्ये कसोटी खेळणारा विदर्भाचा पहिला खेळाडू झाला, आणि 2012 मध्ये पाठीच्या दुखापतीनेच त्याला बाहेर बसवलं. पण गोलंदाजी करणारा मुलगाही सीमारेषेवरून यष्टीकडे जोराने चेंडू फेकतो, तेव्हा त्याचं कोपर पिचरचंच कोपर असतं.

छोट्या गावात ज्याच्या हातात ताकद आहे, त्याला सगळीकडे उभं करतात. शालेय स्पर्धांत तोच गोळा, थाळी आणि भाला फेकतो, तोच सॉफ्टबॉलच्या संघात असतो, आणि रविवारी टेनिस बॉलच्या स्पर्धेत तोच गोलंदाजी करतो. प्रत्येक प्रशिक्षक आपापल्या फेकी पाहतो. एकूण बेरीज कुणीच करत नाही. ती फक्त कोपर करतं. “सर, कोपर दुखून राह्यलं,” असं पोरगं म्हणालं की चोळून, पट्टी बांधून परत मैदानात पाठवलं जातं, आणि त्यामागे बहुधा प्रेमच असतं.

म्हणून मी मनापासून सांगतो: त्या बेरजेसाठी एक साधी वही ठेवा, आई-बाबांनी किंवा मुलाने स्वतः. सामना, सराव, भाला, सीमारेषेवरची फेक, सगळं एकाच पानावर. वर्षातले तीन-चार महिने जोराची फेक पूर्ण बंद ठेवा. त्या दिवसांत कबड्डी, फुटबॉल, पोहणं, काहीही चालेल. फेकीचा पल्ला किंवा नेम अचानक घटला, कोपर पूर्ण सरळ होईना, मधेच अडकलं, आतला उंचवटा दाबल्यावर दुखला, अंगठीच्या बोटात आणि करंगळीत झिणझिण्या आल्या, तर त्याच दिवशी फेक थांबवून हाडांच्या डॉक्टरांकडे जा. मुलांमध्ये ते बहुधा दोन्ही कोपरांचे एक्स-रे सांगतील. त्याची कुरकुर करू नका, कारण वाढत्या मुलाचं दुसरं कोपर हाच त्याच्यासाठीचा सर्वांत खरा नकाशा असतो.

वेळेत लक्षात आलं, तर लिटल लीग एल्बोचा उपचार बहुतेकदा असा: चार ते सहा आठवडे फेक बंद, मग हळूहळू पुन्हा सुरुवात. कात्री नाही, टाके नाहीत, कर्ज नाही. टॉमी जॉनच्या कोपरात मेलेल्या टेंडनला जिवंत करणारी जी दुरुस्ती पुढचे चौदा हंगाम टिकली, तीच दुरुस्ती बारा वर्षांच्या मुलाच्या हाडात कितीतरी जोमाने आणि विनामूल्य चालू असते. जोब यांनी तिला काम करायला वर्ष दिलं. आपण आपल्या पोरांना दीड महिना नक्कीच देऊ शकतो.